किंकाळीतला काका

सातपूरच्या आमच्या कारखान्यातल्या नाटकमंडळींत मी एकटीच बाई, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना ठाऊक.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मुंबईत सरकार बदललं, तशी शहरातल्या नाट्यगृहाच्या समितीवरची माणसंही बदलली. नव्या समितीतले एक गृहस्थ आमची तालीम बघायला आले. नाटक साधं होतं. नवरा गेलेली एक पोरगी कारखान्यात लागते, मालेगावचा एक म्हातारा मुसलमान कामगार तिला यंत्र शिकवतो आणि शेवटी त्याचाच हात यंत्रात सापडतो. पोरगी मी. म्हातारा म्हणजे आमच्या फिटिंग खात्यातले चाचा, खरोखरीचे मालेगावचे. अख्खा कारखाना त्यांना चाचाच म्हणायचा, मॅनेजरसुद्धा.

गृहस्थ चहा संपवून गोड आवाजात म्हणाले, "उत्तम बसवलंय. फक्त तो चाचा तेवढा काका करा. कामगाराला कुठं धर्म असतो?"

"मग काकाला तरी कशाला हवा?" मी म्हणाले.

दिग्दर्शकांनी डोळे वटारले. ते आमच्याच टूलरूममधले, पाळ्या सांभाळून मंडळी जमवायचे. हॉल गेला तर त्यांचं सगळंच गेलं असतं. गृहस्थ हसत म्हणाले, "प्रयोगाला मी पहिल्या रांगेत आहे. चाचा ऐकू आला की पडदा पाडायला लावीन. मग पुढे हॉल मागायला येऊ नका."

दिग्दर्शक हो म्हणाले. चाचा चहाचे कप गोळा करायला लागले.

वाक्यांतला काका दोन दिवसांत जमला. किंकाळीतला काही केल्या जमेना. चाचांचा हात यंत्रात गेला की माझ्या तोंडून चाचाच निघायचा. दिग्दर्शक कपाळावर हात मारून घ्यायचे. शेवटी चाचांनीच मला कँटीनच्या मागे नेलं. हात पुढे करून म्हणाले, "ये देख, गया हात मशीनमध्ये. बोल, काका. फिरसे."

मी रागानं रडायलाच लागले. "तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?"

"वाटतं ना. पण प्रयोग झाला पाहिजे बेटा. घरचे सगळे येणारेत मालेगावहून. मला स्टेजवर कुणी पाहिलंय का आजवर?"

प्रयोगाच्या दिवशी त्यांनी आरशात बघून स्वतःच कपाळाला गंध लावलं. पडद्याच्या फटीतून मला पहिल्या रांगेतले गृहस्थ दिसत होते. शेवटचा प्रवेश आला, यंत्राचा आवाज वाढला, चाचांचा हात आत गेला आणि मी ओरडले, "काका!"

स्वच्छ, खणखणीत. टाळ्या पडल्या. गृहस्थ सगळ्यांत जास्त वेळ वाजवत होते. विंगेत दिग्दर्शकांनी मला शाबासकी दिली, तेव्हा त्यांचा हात झटकून टाकावासा वाटला मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसथांब्यावर ही गर्दी होती. ते दिसले तशी मी लांबूनच ओरडले, "चाचा, घरच्यांना आवडलं का?"

त्यांनी आधी आजूबाजूला बघितलं. असं बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "काकाच म्हण ना बेटा. आता जमतंय तुला."

पुढे ते निवृत्त होईपर्यंत मी त्यांना हाकच मारली नाही. काम असलं की नुसती समोर जाऊन उभी राहायचे.