पेशंट पाडणारी रंगू

आमची रंगूबाई, म्हंजी माझ्या थोरल्या जावंची भन. पुढं चांगली नर्स झाली, पर आदी मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात ती पेशंट वाहायची. लढाईचा काळ. गडीमानसं पलटणीत गेलेली, आन बायकांच्या वॉर्डात पुरुष नगं, म्हनून दांडग्या बायका ठेवल्या हुत्या. ही कवठे महांकाळकडची, मेंढरांमागं हिंडून वाढलेली. मान उंच, ढांगा लांब. मी तिला सांडणी, म्हंजी उंटीन, म्हनायची.

"आक्का, सांडणीच्या पाठीवर बसायला बी नशीब लागतं," ती म्हनायची.

इस्ट्रेचरचं दुसरं टोक पाटणच्या अंजनाकडं. दोघींचं लय गुळपीठ. एक खोली, एक चूल. भाकरी रंगूनं थापायची आन अंजनानं चुलीम्होरं बसून आख्ख्या दवाखान्याच्या नकला करायच्या. ती मॅट्रनबाई अशी काय करायची, हसून हसून पोटात दुखायचं.

तवाच मॅट्रनबाईनं सांगितलं, औंदा वाहनाऱ्यांतली एक बाई नर्सिंगच्या शाळेत घेनार. एकच. रंगूचा जीव त्यात अडकला. दादला वारलेला, सासरी दीर घालून पाडून बोलायचा. तिला तिथं परत जायचं नव्हतं.

"तुलाच घेतील गं," अंजना म्हनली. "मी न्हाई मदी येत."

दवाखान्याचा एक नियम हुता. पेशंटचे पाय म्होरं, डोकं मागं. उतारावर डोकं वर र्‍हातंय म्हनून. रंगू डोक्याकडं धरायची, कारन तिला पेशंटसंगं बोलाय लागायचं. आता आपल्यात पाय म्होरं करून कुनाला नेत्यात, ते काय सांगाय पायजे? रोज कुनीतरी नातेवाईक रडायचाच. ह्या दोघी समजूत घालायच्या आन न्यायच्या.

त्या दिवशी बयाबाई म्हनून एक म्हातारी हुती. पोटाचं आपरेशन झालेलं. भाईर तिचा ल्योक नानासो, उसाचा बागायतदार, मोठा फेटा. पाय म्होरं बघून त्यो आडवाच झाला.

"जित्या आईचं मढं काढताय व्हय? फिरवा आदी."

"दादा, नियम हाय," रंगू म्हनली.

म्हातारी गुंगीतनंच कन्हाय लागली, "मी मेले का रं? नानासो, मी मेले का?"

अंजनाचे डोळे भरले. "फिरीव गं रंगू. एवढासाच तर उतार हाय. कोन बघतंय?"

फिरीवलं. आता रंगू म्होरं, डोकं म्होरं. उतार लागला तशी म्हातारी डोक्याकडं सरकली, समदा भार रंगूच्या हातांवर आला, दांडी निसटली. म्हातारी फरशीवर. टाके उसवले. वाचली म्हना, पर पुना टेबलावर घ्याय लागली.

मॅट्रनबाईनं दोघींना हुबं केलं. "कुणी फिरवलं?"

नानासो भिंतीकडं बघत हुता. रंगूला वाटलं, अंजना म्हनंल, आमी दोघींनी. ती सोता तेच बोलायला तोंड उघडनार, तवर अंजना म्हनली,

"मी मागं हुते बाई. तिनं फिरीवलं."

रंगूनं काय केलं असंल? काय न्हाई. मागनं तिनं हे सांगितलं तवा मी म्हटलं, "सांडणे, तुला तोंड दिलंय का न्हाई देवानं?" तर म्हनली, "आक्का, तिचं आयकून माझं तोंडच वाळलं."

त्या साली अंजना शाळंत गेली. पांढरा गणवेश चढला. रंगू पेशंट वाहत तिच्याच वॉर्डात जायची. "शिष्टर, पेशंट आनलाय," एवढंच बोलायची.

"मला अगं म्हन की," अंजना म्हनायची.

"शिष्टरला कसं म्हनू?"

फुडल्या साली रंगूला बी घेतलं. अंजना शाळंच्या दारात हुबी, तोंड भरून हसत. "मीच मॅट्रनबाईला सांगितलं गं. तुझ्यावानी कष्टाळू बाई न्हाई म्हनलं."

"आन त्या दिवसाचं सांगितलंस?"

"आता कशाला ती जुनी मढी उकरायची?"

"मंग मी अजून पेशंट पाडनारीच हाय की," रंगू म्हनली. आन तिच्या अंगावरनं आत गेली.

शिकली, पास झाली, तिथंच कामाला लागली. मंग सांगलीला जागा निघाली तशी मागून घेतली. मला राग आला. मिरजेत मान हुता, राहायला खोली हुती. म्हटलं, "चांगलं चाललंय तर कशाला जातीस गं?"

"नवी पोरगी आली की तिला माझी गोष्ट सांगत्यात आक्का," ती म्हनली. "डोकं म्होरं केलं तर काय हुतं, रंगूबाईला इचारा म्हनत्यात. पोरी हसत्यात, त्यांचं काय न्हाई. पर अंजना बी तिथंच बसलेली असती. आयकती, आन व्हय व्हय म्हनून मान हालवती."