पिंपळखारीच्या नऊ स्लाइडा

अनीसाची तव्यावरची भाकर अर्धी भाजून झाली होती, सासू रजियाबी ओट्याला टेकून लसूण सोलत होती आणि नवरा सरफराज चहात टोस्ट बुडवत लाइट जायला अजून किती वेळ आहे याचा हिशेब करत होता. तेवढ्यात दार वाजलं. कडीनं नाही, मुठीनं.

"कौन मरा सुबू सुबू?" रजियाबी ओरडली.

"कोनी नाई मेलं अम्मा, मी किशोर!"

किशोर गावातल्या, पाण्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत होता. त्याच्या मागं पन्नाशीची एक बाई उभी होती. चपला हातात, पाय घोट्यापर्यंत काळ्या चिखलानं माखलेले. दर्यापूरच्या डांबरी रस्त्यावरूनही ती चपला हातात घेऊनच आली होती, कारण त्या चिखलाच्या पायांत घातल्या असत्या तर गेल्याच असत्या.

"भाबी, उद्या अकराले अमरावतीत बैठक हाये," किशोर उभ्याउभ्याच म्हणाला. "आमच्या वेबसाइटवरच्या एका पानाच्या स्लाइडा करून पायजेत. आन् सरांचं एकच म्हननं हाये, स्लाइडमंदी बदल करता आला पायजे. मांगच्या बारीनं अकोल्याच्या एकानं पानाचे फोटोच चिपकवून देले. साहेबानं भर बैठकीत आकडा चुकल्याचं दाखवलं, तं सरांले एक अक्षर हालवता आलं नाई."

"दहाले लाइट जाते," सरफराज म्हणाला.

"म्हनून तं चहाच्या वक्ताले आलो."

अनीसानं भाकर सासूच्या हवाली केली आणि हात पुसत आतल्या खोलीत संगणकासमोर जाऊन बसली.

ती मूळची बाळापूरची. बी.कॉम. झालेली, मराठी टायपिंगची परीक्षा पहिल्या झटक्यात पास. लग्न होऊन दर्यापुरात आली तेव्हा सरफराजच्या छापखान्यात लग्नपत्रिकांना उसंत नव्हती. गणपतीची पत्रिका असो की बिस्मिल्लाची, मांडणी अनीसाच करायची. तिची एक पद्धत होती. नवरा-नवरीची नावं आणि गावं ती मजकुरात गुंफायची नाही, प्रत्येकाला वेगळी चौकट करायची. पुढचं गिऱ्हाईक आलं की चौकटीवर दोनदा टिचकी मारायची. जुनं नाव जायचं, नवं यायचं, बाकी पत्रिका तशीच. एका मांडणीवर तिनं अर्ध्या तालुक्याची लग्नं लावली होती.

मग कापसानं मान टाकली. लग्नं पुढं ढकलली जाऊ लागली, झाली तरी दहा माणसांत उरकू लागली. पत्रिका कमी झाल्या आणि गाड्या वाढल्या. अभ्यास करणारे आले, मदत करणारे आले, मदत करणाऱ्यांचा अभ्यास करणारेही आले. प्रत्येकाची बैठक आणि प्रत्येक बैठकीला स्लाइडा. "शेती बसली, पन शेतीवरची मीटिंग काई बसून नाई राहिली," सरफराज म्हणायचा. २००९ सालापर्यंत अनीसाच्या संगणकात पत्रिकांपेक्षा स्लाइडाच जास्त झाल्या होत्या.

तिनं पान उघडलं. नेट मुंगीच्या चालीनं चालत होतं. वरून खाली हळूहळू एक फोटो उतरला, आणि त्यात दारातलीच बाई होती.

"मावशी, ह्या तुमीच?"

"मीच. जमुना. पिंपळखारीची." बाई खोलीच्या उंबऱ्यापाशीच बसली. "पोरी, पयले थोडं पानी दे."

दोन गिलास ती एका दमात प्यायली. "गोड हाये तुमचं पानी," ती म्हणाली. त्या आवाजात कौतुक कमी आणि हेवा जास्त होता.

पिंपळखारी खारपाणपट्ट्यातलं गाव. विहिरीचं पाणी खारं, त्यात तुरीची डाळ शिजत नाही. शिजली तरी दाताखाली टणकच. जमुनाबाई सातवी शिकलेली. दर अमावास्येला विहिरीच्या पाण्यात एक मूठ डाळ शिजत टाकायची, घड्याळ लावून बघायची आणि किती वेळ लागला ते वहीत लिहायची. अकरा वर्षं एकही अमावास्या चुकली नव्हती. कुठल्या वैशाखात डाळ शिजलीच नाही, कोणत्या पावसाळ्यात पाऊण तासात शिजली, सगळं होतं. संस्थेनं ते वेबसाइटवर टाकलं आणि लांबून कुणीतरी वाचलं. आता पाणी गोडं करायचं एक यंत्र तालुक्यातल्या एका गावाला मिळणार होतं. एकाच. ते पिंपळखारीला मिळावं म्हणून उद्या देवीदास सर, म्हणजे संस्थेचे प्रमुख, या स्लाइडा दाखवणार होते.

अनीसानं मजकूर उचलून स्लाइडवर टाकला, तर अक्षरांऐवजी चौकोन आणि खुणांची रांग उभी राहिली. पानाचा फॉन्ट जुना होता. म्हणजे सगळं पुन्हा हातानं टाइप करणं आलं. पान वेबसाइटवर आलं तेव्हाच आकडे चुकले असतील या संशयानं तिनं वहीच मागून घेतली. जमुनाबाई वाचत गेली, अनीसा बोटं चालवत गेली. दोन आकडे खरंच चुकलेले निघाले.

"अकरा वर्साचं एवढंच?" पहिली स्लाइड पाहून जमुनाबाई म्हणाली.

"साहेबलोक चार ओळीच वाचतात, मावशी. पाचवी आली का फोन पायतात."

"मंग चारमंदी आमच्या गावाचं नाव ठसठशीत घाल."

अनीसानं घातलं. नऊच्या नऊ स्लाइडांवर, वर उजवीकडे, लाल अक्षरात, वेगळ्या चौकटीत. हाताला तेच वळण होतं. दहाला पाच मिनिटं असताना काम पुरं झालं. किशोरनं पेन ड्राइव्ह खिशात टाकला, जमुनाबाईनं वही पदरात गुंडाळली, आणि दोघं पाठमोरी झाली तोच पंखा थांबला.

दीड महिन्यानं किशोर पुन्हा आला. यंत्र मंजूर झालं, उद्‌घाटनासाठी त्याच स्लाइडांत थोडी भर घालायची होती. फाइल तो घेऊन आला होता. अनीसाला इतका आनंद झाला की तिनं आधी रजियाबीला हाक मारून सांगितलं, "अम्मा, जमुनामावशी का काम हो गया!" आणि मग फाइल उघडली.

उजवीकडे वर, लाल अक्षरात, तिच्याच चौकटीत 'रामठाणा' लिहिलं होतं, तालुक्यातलं दुसरंच गाव. तिनं पुढची पाहिली. रामठाणा. नऊच्या नऊ. खाली वहीतले आकडे तसेच, अमावास्या तशाच, तो न शिजलेल्या डाळीचा वैशाखही तसाच. आणि जमुनाबाई फोटोत रामठाण्याची होऊन बसली होती.

"किशोरभाऊ, हे काय?"

किशोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. "मले काहून इचारता, भाबी? यंत्र देनारे पाहुने वर्सातून दोनदा येतीन. रामठाण्याले पक्का रस्ता हाये. पिंपळखारीत पावसात शिरलं का गाडी रुततेच."

"म्हंजे ज्या गावाले जाता येत नाई, त्या गावानं खारंच प्यायचं?"

रजियाबी आतून म्हणाली, "शादी के कार्ड में दुल्हन बदल दी, और क्या." अनीसाला ते टाचणीसारखं टोचलं, कारण बदलण्याची सोय तिनंच करून ठेवली होती. नाव मजकुरात गुंफलं असतं तर सरांना नऊ स्लाइडा वाचाव्या लागल्या असत्या, आणि वाचताना कदाचित हात अडखळला असता.

बाजाराच्या दिवशी जमुनाबाई आली. या वेळी उंबऱ्यापाशी बसली नाही, उभीच राहिली.

"तूच लिवलं होतं ना नाव?"

"मीच लिवलं, मावशी. तुमच्यासमोर."

"मंग गेलं कुठं?"

अनीसानं दाखवलं. दोन टिचक्या, नाव गेलं. जमुनाबाई पडद्याकडे पाहत राहिली.

"आमाले विहीर खांदाले दोन उन्हाळे लागले होते," ती म्हणाली. "रामठान्यात त्या यंत्रापाशी माहा फोटो लावला, एवढा मोठा. आज बाजारात तिथल्या बाया हसून राहिल्या होत्या. म्हने, जमुनाबाई, आमच्या गावात कवा आल्या रायले, आमाले तं समजलंच नाई! आन् आमच्या गावातले म्हनतात, इनंच पैशे खाऊन गाव इकलं." तिनं पडद्यावरच्या फोटोवर बोट ठेवलं. "यंत्र गेलं तं गेलं. पन मी तिथं काय करून राहिली, हे सांग मले कोनी."

अनीसानं पाणी पुढं केलं. जमुनाबाईनं घेतलं नाही.

उद्‌घाटनाच्या स्लाइडा न्यायला देवीदास सर स्वतः आले. गोड बोलणारा माणूस. खुर्चीत बसले, चहाला नाही म्हणाले नाहीत. "ताई, तुमचं काम म्हणजे काम. बैठकीला जाताना गाडीतल्या गाडीत बदल झाला, पाच मिनिटं लागली नाहीत. इतकी छान सोय."

"सर, ती वही रामठाण्याची नाई."

"नोंद खोटी आहे का? नाही. खारं पाणी दोन्हीकडे सारखंच. गावाचं काय एवढं? पुढच्या टप्प्यात पिंपळखारीचा विचार करूच."

सरफराजनं दारातून तिला डोळ्यानं खुणावलं, जाऊ दे. महिन्याची निम्मी कामं याच माणसाकडून यायची. अनीसानं ती खूण पाहिली. पेन ड्राइव्ह तिच्या हातात होता, तो तिनं दिला नाही.

"फाइलमधून फोटो मी आत्ता काढला असता, सर. पन तुमी गाडीत परत घालसान. आन् तिथं यंत्रापाशी लावलेला तं मले काढताच येत नाई," ती म्हणाली. "म्हनून तुमाले सांगून राहिली. गाव तुमी बदललं, आकडे घेतले, ते काई मी मांगत नाई. जमुनामावशीचा फोटो तेवढा काढून टाका."