प्लास्टरमधली बोटं

माझी सात वर्षांची भाची रेवा झोक्यावरून पडली आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. काल दुपारी तिला कागदाचा बेडूक करायचा होता. एका हाताने घडी बसेना, म्हणून तिने कागद माझ्याकडे दिला.

"हे टोक आत घाल, मावशी. तसं नाही गं! आत म्हणजे... आतून."

तिला सांगता येईना आणि मला कळेना. रडकुंडीला येऊन तिने डोळे मिटले. प्लास्टरच्या बाहेर राहिलेली तिची बोटं हळूहळू हलायला लागली, नसलेल्या कागदाला घडी घातल्यासारखी. मग ती म्हणाली, "आधी कागद उलटा करायचा."

आत-बाहेर, उलट-सुलट हे सगळं मुलं डोक्याने शिकतात, असं मला वाटायचं. रेवाला ते बोटांनी कळत होतं. बोटं अडकली, तशी आतून तीही अडकली होती.

बेडूक झाला. मी तो दाबून उडवून दाखवला. रेवाने बघितलं, पण हात लावला नाही.

"छान आहे," ती म्हणाली, "पण हा तू केलास."