डाव्या टाचेचा ठसा

खाण बंद पडून साठ वर्षं झाली, तरी करमल्ला स्वतःला तिचा राखणदारच म्हणवून घ्यायचा. पगार बापाच्याच काळात थांबला होता. राखायला उरलं होतं काय, तर गंजलेली चाकं, छपरं उडालेल्या खोल्या आणि पांढऱ्या गारेचे, म्हणजे गारगोटीच्या दगडांचे ढीग. पण माणसाला आपलं म्हणायला काहीतरी लागतंच. इजिप्तच्या वाळवंटातल्या आमच्या अबाबदा टोळीत कुणाकडे उंट, कुणाकडे मुलगे. करमल्लाकडे खाण होती.

बाकी सगळं त्याच्या चुलतभावाकडे, अवादकडे होतं. उंट होते, चार मुलगे होते, पिकअप गाडी होती आणि कुणालाही गुंगवणारी जीभ होती. लहानपणापासून लोक अवादचं बोलणं ऐकायला बसत आणि करमल्लाला लाकडं आणायला पाठवत. तो सल चाळीस वर्षांत तसूभर कमी झाला नव्हता.

अशात कैरोहून नाहिदबाई आल्या. खडकांचा अभ्यास शिकवणाऱ्या. त्यांना या खाणीचा इतिहास लिहायचा होता. वस्तीवर उतरल्या आणि वाटाड्या म्हणून घेतलं कुणाला, तर अवादला! शेळ्यांना पाणी पाजत करमल्लाने ते ऐकलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

अवादला काय माहीत होतं? काळ्या खडकाच्या भेगेत खोलातलं तापलेलं पाणी चढलं, निवलं, मागे गार राहिली आणि गारेत सोनं, हे करमल्लाच्या बापाने खाणीच्या इंजिनियरकडून ऐकलेलं. जुन्या फॅरो राजांच्या लोकांनी ती गार दगडी हातोड्यांनी फोडली, जात्यांवर दळली. त्यातलं एक जातं आजही करमल्लाची बायको मीठ दळायला वापरत होती. मग कंपनी आली, वाफेचं यंत्र आलं, आणि नव्वद पावलं खोल गेल्यावर गारेची शीर सुरीने कापावी तशी तुटली. सोनं संपलं म्हणून साहेब निघून गेले. बाप मात्र म्हणायचा, शीर संपली नाही, डोंगर सरकलाय. पलीकडच्या बाभळीमागे तीच गार, तेच तांबूस डाग त्याने करमल्लाला दाखवले होते. आणि शहाण्या करमल्लाने एकदा कॉफी पिता पिता ते सगळं अवादला सांगून टाकलं होतं. आता अवाद तेच स्वतःचं म्हणून बाईंपुढे मिरवणार, या विचाराने त्याला जेवण गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दोन कोरड्या नाल्यांच्या फाट्यावर गेला. तिथे आजोबांच्या हातची दगडांची खूण होती. उजवीकडे खाण आणि विहीर, डावीकडे नुसता बंद कडा. गेल्या पुराने नाल्यांची तोंडं पार बदलून टाकली होती आणि अवाद बरीच वर्षं इकडे फिरकला नव्हता. करमल्लाने एकेक दगड उचलून खूण डाव्या तोंडाशी रचली. बाईंसमोर फजिती होईल, एवढंच त्याच्या मनात होतं. पाण्याची खूण आमच्यात वैरीसुद्धा हलवत नाही, हे त्याला त्या वेळी आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवलं होतं. बाभळीच्या फांदीने त्याने आपली पावलं पुसली.

सकाळी तो टेकडीवर दबा धरून बसला. अवाद बाईंना घेऊन आला. अवाद खुणेपाशी थांबला, वाकला, आणि मागच्या बाजूला बराच वेळ पाहत राहिला. शेवटचा जड दगड ठेवताना टाच रुतली होती, हे करमल्लाच्या आत्ता लक्षात आलं. इथे आम्ही उंटाचा ठसा पाहून मालकाचं नाव सांगतो. माणसाचा ठसा म्हणजे तर तोंडच. ही गोष्ट वस्तीत कळली असती तर करमल्लाच्या पोरीबाळींशी कुणी सोयरीक केली नसती.

अवादने बाईंना काहीतरी म्हणत उजव्या नाल्याने पुढे पाठवलं. मग त्या ठशावर स्वतःचा पाय ठेवून तो नीट घासला. दगड उचलले, पुन्हा उजवीकडे रचले आणि शांतपणे निघून गेला.

संध्याकाळी अवाद करमल्लाकडे आला. करमल्लाने आलं घालून कॉफी उकळली. आमच्यात पेले एक, तीन, पाच. दोनवर उठणं म्हणजे संबंध तोडणं. दुसरा पेला रिकामा करून अवाद म्हणाला, "तुझी डावी टाच अजून आत वळते रे."

करमल्लाने कॉफीचं भांडं पुन्हा निखाऱ्यांवर ठेवलं.

"बाईंना मी फक्त विहिरीपर्यंत नेलं," अवाद म्हणाला. "खाणीचं विचारायचं तर करमल्लाला विचारा म्हटलं. शीर कुठे सरकली ते त्याच्या बापाने शोधलं. उद्या येतायत त्या तुझ्याकडे."

आणि त्याने तिसऱ्यासाठी पेला पुढे केला.

करमल्लाने ओतला. जन्मभर हवं होतं ते मिळालं होतं, पण अवादच्या हातून. आपल्याला असं वागणं कधीच जमलं नसतं, हे त्याला कळलं, आणि त्या तिसऱ्या पेल्याचा वाटला तेवढा हेवा त्याला अवादच्या उंटांचाही कधी वाटला नव्हता.