मागे धावणारी माया

मी ताईची बढाई मारायला लागलो की माझी बायको हसते. हसू दे.

ताई दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासते. सुट्टीच्या दिवशी प्रार्थनागृहात पुढच्या रांगेतल्या बहिऱ्या मंडळींना शास्त्रवाचन हातांनी सांगते. आमची आई बहिरी होती, त्यामुळे खुणांची भाषा आम्हा भावंडांना वाचा फुटण्याआधीच आली. मी ती जेवताना भांडायला वापरली. ताईने तिचं सोनं केलं. त्या दिवशी ती साधे काळे कपडे घालते, बांगडी-अंगठी काढून ठेवते, कारण बघणाऱ्याची नजर हातांवरून हलली की वाक्य गेलंच.

आमच्या गल्लीतल्या कुलूपवाल्याची बायको वारली. हा किल्ल्या करणारा जन्मापासून बहिरा आणि स्वभावाने खवट. निरोपाच्या प्रार्थनेला त्याने मेंढपाळाचं स्तोत्र मागितलं, बायकोच्या आवडीचं. आदल्या दिवशी ताई ते दाखवायला त्याच्या दुकानात गेली, मी स्कूटर घेऊन बरोबर. स्तोत्राच्या शेवटी येतं की चांगुलपणा आणि माया आयुष्यभर माझ्या मागे येतील. ताईचा एक हात दुसऱ्याच्या मागे सावकाश चालत गेला.

कुलूपवाल्याने कानस खाली ठेवली.

"मागून आलेलं मला कसं कळणार?" त्याचे हात म्हणाले. "मला पाऊल ऐकू येत नाही. ती मागून आली की माझी बाही ओढायची. आता कोण ओढणार? उद्या हे सांगू नकोस."

ताईचा चेहरा उतरला. स्तोत्र त्याला पटलं नाही, तर भरल्या प्रार्थनागृहात तो एकटाच बसणार होता, तेही बायकोला निरोप देताना. स्तोत्र मुळात हिब्रूतलं, म्हणून तिने मला तडक हिब्रू शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गुरुजींकडे न्यायला लावलं.

"गुरुजी, 'माझ्या मागे येतील' तिथे मूळ शब्द काय आहे? चालत येणं?"

"छे गं! रादाफ. पाठलाग करणं. शास्त्रात पळालेल्या गुलामांमागे राजाचं सैन्य सुटतं ना, तिथेही हाच शब्द." गुरुजी खुशीत आले. "आणि माया म्हणजे हेसेद. नुसती दया नव्हे, दिलेल्या शब्दाला जागणारी माया."

"म्हणजे शेवटी गाठतेच?"

"गाठण्याला वेगळा शब्द आहे. तो या ओळीत नाही."

"घालून टाक की," मी म्हटलं. "कोण तपासायला बसलंय?"

ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी गपचूप हेल्मेट घातलं.

"जे लिहिलेलंच नाही, ते मी त्याला सांगणार नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत ती ओळ आली. ताईचा एक हात जीव तोडून पळाला, दुसरा त्याच्या मागे सुटला. पहिला वळला, दुसराही वळला. अंतर कमी झालं, आणखी कमी झालं, आणि बोटभर उरलं तेव्हा ताईने हात थांबवले. शास्त्रात तेवढंच होतं.

कुलूपवाला तिच्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने उजवा हात मागून नेला, आपलीच डावी बाही कोपरापाशी धरली आणि ओढली. कुणीतरी बोलावल्यासारखं त्याने वळून पाहिलं.

मागच्या रांगेत मी होतो, डोळे पुसत. मी हातांनी म्हटलं, "ती माझी बहीण आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला. "आता मला तिचं ऐकू दे."