रविवारी सकाळी सातची पोस्ट

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.ए., तेही पहिल्या वर्गात. हे सांगायची मला लाज वाटत नाही. महागावजवळच्या आमच्या गावात मी वडिलांची पिठाची चक्की चालवतो, आणि दर रविवारी सकाळी सात वाजता माझ्या ब्लॉगवर एक लेख टाकतो. दोन वर्षांत एकही रविवार चुकला नव्हता. वडील गिऱ्हाइकांना ऐकवायचे, "बीए केला पोरानं, अन् पीठ झाडता झाडता पेपर काढून राह्यला." टोमणा असायचा, पण त्यात थोडा अभिमानही असावा, असं मी धरून चालतो.

रविवारी दळणाची गर्दी, म्हणून लेख मी गुरुवारीच लिहून ठेवायचो. मुलीला शाळेत सोडायचं, वडिलांना शुगरची गोळी द्यायची, विजेची लाइन असेल तेवढ्यात दळणं काढायची, दुपारी शेतातली मोटार पाहून यायची. यातून उरेल त्या तासाभरात मोबाईलवर लिहायचं आणि रविवारची वेळ लावून द्यायची. मग लेख आपोआप जातो. धास्ती मात्र सोमवारपासूनच असायची. बुधवारपर्यंत विषय मिळाला नाही की ताटात काय वाढलंय तेही मला कळायचं नाही.

त्या आठवड्यात बुधवार गेला, गुरुवारची दुपार आली, तरी काही सुचेना. शेवटी चक्कीवरचंच लिहिलं. चक्कीवाल्याला दळणावरून घर कळतं. पाहुणे कोणाकडे येणार, कोण आजारी, कोणाची सून माहेरी गेली, सगळं. तसंच एक घर मी लिहिलं. निळा डबा, एकच. पण आत गव्हाच्या दोन पिशव्या. एकीत रेशनचा गहू, दुसरीत विकतचा लोकवन. दोन्ही वेगवेगळं दळायचं, पीठ एकाच डब्यात भरायचं आणि मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालायचा. दोन भावांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या, पण गल्लीतून डबा एकच जायचा. कोणाचं नाव लिहिलं नाही. नाव नाही म्हणजे काही बिघडत नाही, असं मला वाटलं. लेख चांगला उतरला होता, हेही खरं.

रविवारी साडेसहाला चक्की सुरू केली आणि पहिला नंबर त्याच डब्याचा लागला. त्या दोन भावांची आई स्वतः आली होती. गल्लीत सगळे तिला मोठी आई म्हणतात, मीही म्हणतो.

"बापू, आज दोन्ही पिशव्या एकातच वत. कागद नको घालू," ती म्हणाली. "ढाणकीचे पाहुणे येऊन राह्यले अकरा वाजता. मोठ्याच्या पोरीले पाहाले."

मी गहू वरच्या पेटीत ओतला.

"घर एकत्र हाय, असंच सांगतलं हाय आम्ही. नाही त म्हणतील, भावाभावात पटत नाही, पोरीच्या मागं काका उभा राहणार नाही. लहाना बी तयार झाला, आज एका पंगतीत बसतो म्हणते."

"बरं आहे मग," मी म्हणालो.

"अन् त्याइचा पोरगा तुले ओयखते म्हणे! तुमच्या गावचा चक्कीवाला लिहिते, मी दर आइतवारी वाचतो, असा फोनवर बोलला. मले त लय चांगलं वाटलं."

क्षणभर मलाही चांगलं वाटलं. मग सातला जाणारा लेख आठवला. मी चक्की बंद केली.

"काहून रे? लाइन गेली?"

पिठाच्या हातांनीच मोबाईल घेतला. सातला पाच कमी होते. पासवर्ड एकदा चुकला. पान उघडेना, नुसतं गोल फिरत राहिलं. मी रस्त्यावर गेलो, पंचायतीच्या ओट्यावर चढलो. तिथं नेटवर्क आलं तेव्हा सात वाजून नऊ मिनिटं झाली होती. लेख काढून टाकला. अकरा जणांनी वाचला होता. कोणी, ते त्यात दिसत नाही.

परत आलो तर वडील म्हणाले, "आधी दळण, मंग तुही पत्रकारी." मी मोठ्या आईजवळ उकिडवा बसलो आणि तिला खरं सांगून टाकलं. तिला वाचता येत नाही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वाच."

मोबाईलमध्ये लेख जपून ठेवलेला होता. वाचला. रेशनचा गहू आला तिथं भराभर वाचून पुढे गेलो. वडील दुसरीकडे पाहत होते.

"खोटं नाही लेहलं," ती म्हणाली. "पण मले इचारलं काहून नाही? रोज त येतो मी इथं."

विषय मिळत नव्हता, हे काय उत्तर झालं?

"काढला तो लेख, मोठी आई. कदाचित त्यानं वाचलाही नसेल."

"अन् वाचला असंन त? तो त्या पंगतीत बसून आमचे तोंडं पाहीन. नाही बापा. आता मीच सांगतो त्याइले. दय लवकर."

मी दळण काढून दिलं, पीठ घेऊन ती गेली. अकराला ढाणकीची गाडी आली. माझ्या हातून त्या दिवशी एकाच्या ज्वारीत दुसऱ्याचा गहू गेला, वडिलांनी शिव्या घातल्या. तीनला गाडी परत गेली. संध्याकाळी मीच त्यांच्या दारात गेलो.

"सांगतलं," मोठी आई म्हणाली. "पोराचा बाप हसला. पोरगा काही बोलला नाही. कळवतो म्हणाले."

"त्यानं वाचला होता का?"

"मी कायले इचारू? तुहा वाचक, तू इचार."

नंबर मागायची माझी हिंमत झाली नाही. पुढच्या रविवारी पहिल्यांदा माझी पोस्ट गेली नाही. लिहायला बसलो होतो, पण जे आठवलं ते कोणाच्या ना कोणाच्या घरातलं होतं, आणि त्यातल्या कोणालाच मी विचारलं नव्हतं. त्याच दिवशी ब्लॉगवर एका वाचकाचा निरोप आला, नावाशिवाय: "आज काही लिहिलं नाही?"

तो ढाणकीचा होता की आणखी कोणी, मला माहीत नाही. मी उत्तर दिलेलं नाही. मोठ्या आईकडेही अजून फोन आलेला नाही.