नाल्यातल्या काकड्या

त्या दिवशी माझ्या तोंडाला कोणी कुलूप घातलं असतं तर किती बरं झालं असतं! पण मी पडलो शहाणा.

अमरावतीच्या वेशीबाहेर आमचा मळा होता, मोगऱ्याचा आणि वांग्यांचा. शेजारी एका वकिलाचं वावर. त्या वावरातून, आमच्या कुंपणाला लागून, नाला जायचा. पावसाळ्यात तो भरून वाहायचा आणि तेच पाणी झिरपून आमच्या विहिरीला लागायचं. उन्हाळ्यात नाला कोरडा पडला की आम्ही त्याच्या पोटात काकड्या लावायचो. वकील कधी नाही म्हणाला नाही.

मग त्यानं वावराचे प्लॉट पाडायला काढले. माणूस भला. नाला आणि काठची आंब्याची झाडं मोकळी सोडायची, असं त्यानं माझ्या बापाला सांगितलं होतं. बाप निर्धास्त झाला.

मोजणीदार आला तो ऐन वैशाखात. बाप बाजारात गेलेला, मी काकड्या तोडत होतो. साखळी खाली टाकून त्यानं विचारलं, "नाला कुठे आहे? तेवढा सोडायचा आहे."

 नाला सोडायचा म्हणजे आमच्या हातून काढून घ्यायचा, असंच मला वाटलं; मग आमच्या काकड्या गेल्या! मी म्हटलं, "कायचा नाला, साहेब? वाहितीची जमीन हाय हे. दरसाल पेरतो आमी."

त्यानं वेलांकडे पाहिलं, मी दिलेली काकडी खाल्ली आणि नकाशावर वाहिती लिहून टाकलं. वाहितीवर प्लॉट पडतात हे मला मूर्खाला काय ठाऊक!

दगड रोवले तेव्हा बाप कचेरीत धावला. नकाशा मंजूर झाला होता. वकिलानंही हात वर केले. "तुझ्याच पोरानं सांगितलं," म्हणाला. बापानं कोणाकोणाचे पाय धरले, मी मागे उभा राहून पाहिलं. आंबे तोडले, नाला मुरमानं बुजवला.

पुढच्या वैशाखात मोटेतून गाळ आला, मग तोही येईना. मोगरा उभा वाळला. बापानं मला मारलं नाही. मारायला पाहिजे होतं.

एके सकाळी विहिरीच्या काठावर उभा राहून तो म्हणाला, "उतर अंदर. पाह्य पानी हाय का."

मी उतरलो. तळाला भेगा पडल्या होत्या.

"काय हाय?" त्यानं वरून विचारलं. मी एका भेगेत हात घालून पाहिला, आत कोरडी माती.

"सांग नं," तो म्हणाला. "तवा तं लय पटकन सांगतलं होतं."